कॅमेऱ्याला उलटा प्रश्न

आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या १९८५च्या माहितीपटात एक बाई आहे. फुटपाथवर राहणारी. मुंबईत झोपड्या पाडण्याच्या मोहिमा जोरात होत्या तो काळ. ही बाई कॅमेऱ्यामागच्या माणसांनाच फैलावर घेते. तुम्ही गरिबांची चित्रं काढणार, तुमचं नाव होणार, आमच्या हातात काय पडणार, असा तिचा एकूण सूर. ती कुणाला मुलाखत देत नाहीये, सरळ भांडतेय. आणि तिच्या प्रश्नाला पडद्यावर उत्तर मिळत नाही.

हा तुकडा मी बऱ्याचदा मागे नेऊन पाहिलाय. मला त्यात सर्वात जास्त नवल वाटतं ते तो एडिटमध्ये टिकला याचं. चित्रपट १६ मिमीवर शूट झालेला. ४०० फुटांचं एक रीळ म्हणजे साधारण ११ मिनिटं. ते विकत घ्यायचं, लॅबमध्ये धुवायचं, प्रिंट काढायची, सगळ्याला पैसे. म्हणजे बाई शिव्या घालत असताना कॅमेरा चालू ठेवणं हा एक खर्चाचा निर्णय, आणि नंतर ती शिव्यांची फिल्म कचऱ्यात न टाकता पडद्यावर ठेवणं हा दुसरा. शहाणा माणूस हा तुकडा काढून टाकतो. त्याने ‘फ्लो’ बिघडतो, दिग्दर्शक वाईट दिसतो, आणि प्रेक्षकही खुर्चीत चुळबुळतो, कारण तोही कॅमेऱ्याच्याच बाजूला बसलेला असतो.

तेव्हापासून मी कुठलीही सामाजिक डॉक्युमेंटरी बघताना एक साधी गोष्ट तपासतो. चौकटीतल्या माणसाला चौकटीबाहेरच्या माणसाला उलटा प्रश्न विचारता येतो का? आणि विचारला, तर तो आपल्यापर्यंत पोचू दिलाय का? विषय किती महत्त्वाचा, फोटोग्राफी किती सुंदर, कुठल्या महोत्सवात गेली, हे सगळं मला नंतरचं वाटतं.

या परीक्षेत सर्वात आधी आणि सर्वात निश्चितपणे नापास होणारी जात म्हणजे सीएसआर फिल्म. आयटीत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. वर्षातून एकदा टाउनहॉलमध्ये दाखवतात. अडीच मिनिटं. आधी ड्रोनमधून वस्ती, मग पियानो, मग एक मुलगी नळाचं पाणी ओंजळीत घेते आणि हळूहळू हसते (स्लो मोशनमध्ये), मग आमचे टी-शर्ट. आमच्या टीममधला एक जण अशा शूटला गेला होता. तिथल्या एका आजींनी त्याला विचारलं, हा नळ गेल्या वर्षीपण तुम्हीच बसवला होता ना, मग बंद का पडला? हे अर्थातच फिल्ममध्ये नव्हतं. आजी होत्या. हात जोडून, विदाउट ऑडिओ.

जाहिरातीला जाहिरात म्हणून सोडून देऊ. खरा पेच चांगल्या, मनापासून केलेल्या चित्रपटांचा आहे.

सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ २०२३च्या सनडान्समध्ये होता, तिथे त्याला विशेष ज्युरी पुरस्कारही मिळाला. मुंबईतल्या राकेश आणि गणेश या दोन कोळी मित्रांची गोष्ट. राकेश बापाच्या छोट्या बोटीवर, जुन्या पद्धतीने, किनाऱ्याजवळ मासे धरतो. गणेश स्कॉटलंडला शिकून आलाय, त्याची मोठी बोट खोल समुद्रात जाते, आणि तो कर्ज फेडायला बेकायदेशीर एलईडी दिव्यांनी मासे ओढण्याकडे वळतो. राकेशच्या तान्ह्या बाळाच्या हृदयाला आजार आहे. समुद्र तापतोय, मासे कमी होताहेत, दोन मित्र एकमेकांपासून लांब चाललेत.

चित्रपट देखणा आहे आणि घरात शिरणारा आहे. बाळाभोवतीचे विधी, स्वयंपाकघरातलं बोलणं, दारूच्या बाटलीवर रंगलेला आणि मग चिघळलेला वाद, हे सगळं इतक्या जवळून मराठी भाषेत मी दुसऱ्या कुठल्या माहितीपटात पाहिलेलं नाही. पटवर्धनांना हे जमत नाही, हेही इथेच सांगतो. त्यांच्या चित्रपटातली माणसं कायम साक्ष देत असतात. ती जेवतात कधी, नवराबायको एकमेकांशी काय बोलतात, हे आपल्याला फारसं कळत नाही.

पण ‘अगेन्स्ट द टाइड’मध्ये कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. एकदाही कुणी ‘ओ, हे बंद करा जरा’ म्हणत नाही. बेकायदा मासेमारी करणारा माणूस ती कॅमेऱ्यासमोर का करतो? त्याचं आणि दिग्दर्शिकेचं काय ठरलं होतं? मित्राशी भांडताना आपलं भांडण जग बघणार आहे हे त्याच्या डोक्यात नसेल का? चित्रपटाची शैलीच अशी आहे की हे प्रश्न मनात आलेच तर ते असभ्य वाटावेत. भिंतीवरच्या माशीसारखा कॅमेरा, असं या शैलीला कौतुकाने म्हणतात. माशी मात्र कधी महोत्सवाला अर्ज करत नाही.

हा निव्वळ शैलीचा वाद नाही. चौकटीत जागा नाही मिळाली तर उलटा प्रश्न बाहेर येतो. ‘रायटिंग विथ फायर’चं उदाहरण ताजं आहे. रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांचा, बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’ या स्त्रियांनी चालवलेल्या वृत्तमाध्यमावरचा हा चित्रपट २०२२मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. पुरस्कार सोहळ्याच्या काही दिवस आधी खुद्द ‘खबर लहरिया’ने निवेदन काढलं. चित्रपट प्रभावी आहे, पण आमचं जे चित्र त्यात आहे ते अर्धवट आहे, आम्ही एकाच पक्षाच्या मागे लागलेलो दिसतो आणि आमचं काम तेवढंच नाही, असा त्याचा मथितार्थ होता. तेव्हा सोशल मीडियावर बऱ्याच लोकांनी त्यांनाच सुनावलं. एवढं नाव झालं, अजून काय पाहिजे, वगैरे. रोज दुसऱ्यांच्या बातम्या करणाऱ्या बायका आपल्यावरच्या बातमीत त्रुटी दाखवतात, तर त्या कृतघ्न! मला त्यांचं निवेदन हा त्या चित्रपटाचा हरवलेला शेवटचा प्रसंग वाटतो. तो आत असता तर चित्रपट कदाचित थोडा कमी चकचकीत झाला असता. चांगला नक्की झाला असता.

आता पुन्हा पटवर्धनांकडे, कारण ‘हमारा शहर’मधल्या बाईच्या प्रश्नाचा सर्वात मोठा पाठपुरावा मला त्यांच्याच कामात दिसतो.

‘हमारा शहर’मध्ये एक शाहीर गातो. विलास घोगरे. १२ वर्षांनी, ११ जुलै १९९७ला, घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक हायवेवर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० जण मेले. चार दिवसांनी विलास घोगरेंनी गळफास घेतला. आयुष्य डाव्या चळवळीत गेलेल्या या माणसाने जाताना डोक्याला निळं फडकं बांधलं होतं.

‘जय भीम कॉम्रेड’ इथून सुरू होतो आणि १४ वर्षांनी, २०११मध्ये संपतो. तीन तासांहून मोठा आहे. पटवर्धनांसाठी हा काही ‘विषय’ नव्हता. त्यांच्याच आधीच्या चित्रपटात गायलेला माणूस मेला होता, आणि तो असा का मेला हे त्यांना समजत नव्हतं. शीर्षकातल्या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, तेच शोधायचं होतं. वर्ग वर्ग म्हणणाऱ्या चळवळीला आपल्याच शाहिराची जात का दिसली नाही? पक्षशिस्तीच्या नावाखाली त्याला दूर का केलं? दिग्दर्शक स्वतः डाव्या विचारांचा. म्हणजे यावेळी उलटा प्रश्न विचारायला फुटपाथवरची बाई लागली नाही. तो त्यांनी आपल्याच लोकांवर ताणला.

माझा जन्म १९९७चा, विक्रोळीतला. रमाबाई नगर आमच्यासाठी हायवेवरून बसने जाताना डावीउजवीकडे येणारी एक जागा होती. त्या गोळीबाराबद्दल लहानपणी आमच्या सोसायटीत मी जे ऐकलं त्यात एक शब्द कायम असायचा: टँकर. ते लोक गॅसचे टँकर पेटवणार होते. सगळा घाटकोपर उडाला असता. पोलिसांनी गोळ्या घातल्या म्हणून वाचलो. हे सांगणारी माणसं वाईट नव्हती. गणपतीत वर्गणी काढणारी, दहावीला पेढे वाटणारी, साधी माणसं. मेलेल्या १० जणांपैकी एकाचंही नाव त्यातल्या कुणाला माहीत नव्हतं. टँकर मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा होता.

टँकरची ही गोष्ट पोलिसांच्या बचावातली. त्यासाठी व्हिडिओ फीतही दाखवली गेली होती. चित्रपट तीच फीत हातात घेतो आणि एक अगदी कंटाळवाणं काम करतो. टँकर कुठे उभे होते? गोळ्या कुठे चालल्या? माणसं कुठे पडली? दोन्हींमध्ये केवढं अंतर होतं? वस्तीतले लोक आपल्या पायांनी जागा दाखवतात. पार्श्वसंगीत नाही, थरार नाही. प्रोडक्शनमध्ये काहीतरी कोसळल्यावर आम्ही लॉग उघडून बसतो, कुठली घटना आधी, कुठली नंतर, कोण म्हणतंय आणि मशीन काय म्हणतंय, तसं. त्या कामाला हुशारी कमी आणि बूड जास्त लागतं. ते झाल्यावर टँकरच्या गोष्टीत काही उरत नाही. न्या. गुंडेवार चौकशी आयोगानेही गोळीबार समर्थनीय नसल्याचाच निष्कर्ष काढला होता. उपनिरीक्षक मनोहर कदम यांना २००९मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली आणि लवकरच हायकोर्टातून त्यांना जामीन मिळाला. तरीही आमच्या सोसायटीत टँकर उभाच राहिला. आयोगाचा अहवाल कोण वाचतं? चित्रपट निदान लिंक म्हणून पाठवता येतो. मी पाठवलाही. दोघांनी पाहिला. एकाने ‘लांबण लावलीय’ असं कळवलं.

त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. तीन तास खूपच आहेत, आणि मधले काही भाग मलाही खटकतात. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात फिरायला आलेल्या लोकांना चैत्यभूमीवर येणाऱ्यांबद्दल विचारलंय. घाण करतात, फुकट प्रवास करतात, अशी उत्तरं येतात. मग कट, आणि समोर रांगेत शांतपणे पुस्तकं विकत घेणारी माणसं. थिएटरात असेल तर इथे हशा पिकतो. मला हा हशा स्वस्त वाटतो. जॉगिंगच्या बुटातल्या त्या काकूंना बोलायला काही सेकंद मिळाले आणि त्यांचं काय करायचं हे एडिट टेबलवर आधीच ठरलेलं होतं. त्यांना उलटं विचारायची संधी नाही. हास्यास्पद माणसालाही तेवढी मिळावी, कारण आमच्या सोसायटीतली माणसं थेट तिथेच उभी आहेत आणि हसून घेतल्यावर ती कशी बनली हे कळायचं राहून जातं. चित्पावन संमेलनाच्या भागाचंही तसंच. चित्रीकरण नेमकं, पण बाण आधीच ताणलेला. आणि इतरांच्या जातीची एवढी उलटतपासणी चाललेली असताना दिग्दर्शकाचं स्वतःचं सवर्ण असणं माझ्या मते जवळपास बाहेरच राहतं. डाव्यांना विचारलेला प्रश्न ते आणखी एक पायरी आत नेऊ शकले असते.

पण लांबीचं म्हणाल, तर तीच या चित्रपटाची खरी ताकद आहे. १४ वर्षं कॅमेरा परत परत जातो, म्हणून माणसं बदलताना दिसतात. नामदेव ढसाळ एका काळी कुठे होते आणि आता कुठल्या व्यासपीठावर बसलेत, हे निवेदनातून सांगावं लागत नाही. रिपब्लिकन नेते निळ्याचं भगव्याशी सूत जमवतात तेव्हा रमाबाई नगरातल्या घरांत त्याचं काय वाटतं, हे विचारायला कुणीतरी तिथे आहे. पुढे कबीर कला मंच येतो. पुण्याची पोरं, शीतल साठे, सचिन माळी आणि त्यांचे साथी. विलास घोगरेंच्या वेळी जे ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ एका गळ्यात मावत नव्हते, ते इथे सहज मावतात. आणि हे आपल्याला कळतं न कळतं तोच, नक्षलवादी ठरवले गेल्यामुळे ही मुलं भूमिगत होतात. ठरवून लिहिलेल्या पटकथेत हे कुणी लिहिलं नसतं. प्रेक्षक म्हणाला असता, फार झालं. (चित्रपटानंतरचं: एप्रिल २०१३मध्ये शीतल आणि सचिन विधानभवनासमोर गाणी म्हणत स्वतःहून हजर झाले. गरोदर असलेल्या शीतलला काही आठवड्यांत जामीन मिळाला. सचिनला २०१७पर्यंत थांबावं लागलं.)

शिवाय गाणी. मराठी येणाऱ्यांना हा चित्रपट वेगळा ऐकू येतो. सबटायटलवर अवलंबून असलेल्या माणसाला गाण्याचा अर्थ मिळतो, पण संभाजी भगत कुठल्या शब्दावर हात वर करून थांबतात आणि त्या थांब्यात समोरचा जमाव काय करतो, हे कानाने कळायचं काम आहे. फोनवर बघणार असाल तर कृपया हेडफोन लावा. ट्रेनमध्ये पाहिलात तरी हरकत नाही, तीन-चार दिवसांच्या प्रवासात होतो.

पाहणार कुठे, हा मात्र अशा चित्रपटांचा कायमचा रडगाणं वाटावा असा प्रश्न आहे, म्हणून थोडक्यात. २००४च्या मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवाने भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करायचं ठरवलं, तेव्हा दिग्दर्शकांनी ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरवला. ‘जय भीम कॉम्रेड’चे सुरुवातीचे खेळ भायखळ्याच्या बीआयटी चाळीसारख्या वस्त्यांमध्ये झाले, म्हणजे ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांच्या अंगणात. पुढचा ‘विवेक’ त्यांनी भागाभागांनी यूट्यूबवर टाकला. ओटीटीवाल्यांना या चित्रपटांशी देणंघेणं नाही, त्यांना खुनाचे माहितीपट हवेत. चाळीत पडदा लावला की एक गोष्ट आपोआप घडते. दिवे लागल्यावर दिग्दर्शकाला तिथून निघता येत नाही. लोक विचारतात.

‘हमारा शहर’नंतरच्या वर्षी कफ परेडजवळचं संजय गांधी नगर पाडलं गेलं, तेव्हा पटवर्धन, शबाना आझमी आणि वस्तीतले रहिवासी उपोषणाला बसले. लोकांना गोरेगावात पर्यायी जागा मिळाली. फुटपाथवरच्या त्या बाईला तिचं उत्तर त्यातून मिळालं असं मी म्हणणार नाही. ती वेगळी, ती वस्ती वेगळी, आणि उपोषण म्हणजे काही चित्रपट नव्हे. पण प्रश्न एडिटमध्ये ठेवणारा माणूस दुसऱ्या वर्षी रस्त्यावर बसलेला सापडतो, ही माहिती मला त्या तुकड्याकडे बघताना बाजूला ठेवता येत नाही.

सध्या रमाबाई नगराचा पुनर्विकास सुरू झालाय. ईस्टर्न फ्रीवे ठाण्याकडे वाढवायचाय, एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचा मोठा प्रकल्प आहे, हजारो कुटुंबांना इमारतींमध्ये घरं देणारा. लोकांना पक्कं घर हवंय आणि ते का नको असावं? फक्त चित्रपटात ज्या बोळांमधून माणसं चालत जाऊन ‘इथे पडला तो’ असं दाखवतात, ते बोळ जातील. यावेळी १६ मिमीची गरज नाही, घराघरात कॅमेरा आहे. रिकामी झालेली खोली, दाराची चौकट उचकटताना, शेवटचं बुद्धवंदन, असं सगळं लोक शूट करतातच. दिग्दर्शकही तेच आणि चौकटीतली माणसंही तीच, त्यामुळे उलटा प्रश्न कोण कुणाला विचारणार ही भानगडच नाही. अडचण पुढची आहे. पटवर्धनांना १९९७ साली विलास घोगरेंचा १९८०च्या दशकातला आवाज मिळाला, कारण ती रिळं डब्यात नीट होती. टँकरचं खोटं उघडं पडलं, कारण फीत होती आणि कुठली जागा कुठे हे सांगणारे लोक होते.

व्हॉट्सअॅप व्हिडिओ दाबून छोटा करतं, आणि फोटो पाठवला की तो कधी आणि कुठे काढला ही आतली माहिती काढून टाकतं. फोन बदलला, गॅलरी भरली, की मूळ फाइल गेली. तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत कुणाकडे अशा वस्तीचं काही चित्रीकरण असेल, तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तसं केल्यास फाइल आहे तशी जाते. एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा. आणि फाइलच्या नावात तारीख व गल्लीचं नाव घाला, १४ वर्षांनी कुणालातरी ते शोधावं लागेल.